हॅकर संस्कृतीचा उदय : दुर्मिळ संगणक आणि तरुणांचा ध्यास

'हॅकर' हा शब्द आज दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरला जातो. बँकखात्यातील रक्कम लांबविणाऱ्या किंवा रुग्णालयाच्या नोंदी अडवून खंडणी मागणाऱ्या गुन्हेगाराला वृत्तपत्रे हॅकर म्हणतात. त्याच वेळी केंद्र शासन २०१७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' ही स्पर्धा भरवीत आले आहे आणि तीत भाग घेणे अभिमानाचे मानले जाते. एकाच शब्दाला गुन्हा आणि गौरव असे दोन्ही अर्थ कसे चिकटले, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील १९५८ ते १९९१ या कालखंडाकडे पाहावे लागते.

या इतिहासाकडे सामान्यतः बुद्धिमान पण विक्षिप्त तरुणांची कथा म्हणून पाहिले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात वेगळा प्रश्न दिसतो. वय तेच, कुतूहल तेच, कौशल्यही जवळपास तेच. मग काही ठिकाणी त्यातून साऱ्या जगाला उपयोगी पडलेली सार्वजनिक संपत्ती निर्माण झाली आणि काही ठिकाणी नुकसान व खटले, असे का घडले? दुर्मिळ साधनापर्यंत पोहोचण्याची वाट कोणाला, कोणत्या अटींवर मिळाली, यात त्याचे बरेचसे उत्तर आहे.

महाग यंत्र आणि रिकामी रात्र

१९५० च्या दशकाच्या अखेरीस संगणक म्हणजे संपूर्ण खोली व्यापणारे, लक्षावधी डॉलर किमतीचे यंत्र होते. केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी या संस्थेत आयबीएम ७०४ हा संगणक होता. परंतु विद्यार्थ्याला त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. छिद्रे पाडलेल्या पत्रांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करायचा आणि उत्तरासाठी ताटकळत राहायचे, अशी पद्धत होती. एखादी चूक निघाली की पुन्हा तेच चक्र. यंत्राचा प्रत्येक मिनिट मोलाचा असल्याने माणसाने थांबावे, यंत्राने थांबू नये, हा या व्यवस्थेमागील हिशेब होता.

याच संस्थेत 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' हे खेळण्यातील आगगाड्यांची प्रतिकृती चालविणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ होते. रुळांच्या मेजाखाली दूरध्वनी केंद्रातील जुन्या स्विचांचे आणि तारांचे गुंतागुंतीचे जाळे होते आणि ते सांभाळणाऱ्या उपसमितीतील मुलांना गाड्यांपेक्षा त्या जाळ्याचेच वेड अधिक. केवळ करून पाहण्याच्या आनंदासाठी केलेल्या चतुर, नेटक्या तांत्रिक करामतीला ते आपसांत 'हॅक' म्हणत. अशी करामत साधणारा तो हॅकर. शब्दाच्या या अर्थात चोरीचा लवलेशही नव्हता.

१९५८ मध्ये लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक एमआयटीच्या आवारात आणला गेला. १९५९ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी संगणकावरील पाठ्यक्रम सुरू केला. टीएक्स-० ची व्यवस्था पाहणारे जॅक डेनिस हे स्वतः आगगाडी मंडळाचे माजी सदस्य होते. त्यांनी ॲलन कोटोक, पीटर सॅमसन, बॉब साँडर्स आदी विद्यार्थ्यांना यंत्रासमोर प्रत्यक्ष बसण्याची परवानगी दिली. ही परवानगी म्हणजे या संस्कृतीचा खरा आरंभबिंदू होय.

या निर्णयामागील अर्थकारण ध्यानात घेण्याजोगे आहे. यंत्राचा भांडवली खर्च आधीच होऊन गेला होता. दिवसा संशोधकांची रांग असे. मध्यरात्रीनंतर मात्र यंत्र रिकामे राही. त्या रिकाम्या तासाचा संधी-खर्च जवळजवळ शून्य होता. विद्यार्थ्यांकडे पैसा नव्हता, पण वेळ होता. त्यांनी संगणकवेळेची किंमत झोपेच्या रूपाने मोजली. नोंदवहीत नाव घातलेला एखादा संशोधक रात्री आला नाही, तर त्याचा तास आपल्याला मिळावा म्हणून मुले तेथेच वाट पाहत बसत. हॅकरांचे प्रसिद्ध निशाचरत्व या टंचाईतून जन्मले आणि नंतर सवय म्हणून टिकले.

१९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने आपला पीडीपी-१ संगणक एमआयटीला भेट दिला. त्याची किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर आणि स्मृती अवघी ४,०९६ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९ किलोबाइट. एवढ्याशा जागेत आज्ञावली बसवायची असल्याने एकेक आज्ञा वाचविण्याची चढाओढ लागे. स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. पडद्यावर दोन अंतराळयाने एका ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात परस्परांशी लढतात, असे त्याचे स्वरूप होते. या खेळाची आज्ञावली कोणीही घ्यावी, तीत भर घालावी, अशी रीत होती. पुढे तिचा उपयोग कंपनीचे अभियंते यंत्राची चाचणी घेण्यासाठीही करू लागले. निर्मात्यांना त्यातून पैसा मिळाला नाही आणि तो मिळावा अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

ध्यासाची मूल्ये आणि त्याची किंमत

या तरुणांची अलिखित आचारसंहिता स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॅकर्स' या ग्रंथात प्रथम सूत्रबद्ध केली. संगणकापर्यंत सर्वांना पोहोचता यावे, माहिती मुक्त असावी, केंद्रित अधिकारसत्तेवर अंधविश्वास नसावा आणि माणसाची पारख पदवी, वय वा हुद्द्यावरून न करता त्याच्या कामावरून करावी, हे तिचे सार. पीटर डॉइश हा प्राध्यापकाचा शाळकरी मुलगा या वर्तुळात बरोबरीच्या नात्याने वावरला, तो याच मूल्यांमुळे.

परंतु या संस्कृतीचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. सलग तीस-तीस तास काम करणाऱ्या रिचर्ड ग्रीनब्लॅट यांनी रचलेली बुद्धिबळाची आज्ञावली १९६७ मध्ये माणसांच्या स्पर्धेत उतरली. परंतु त्यांचे पदवीचे शिक्षण अपुरे राहिले. एमआयटीतीलच प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात अशा तरुणांची तुलना व्यसनाधीन जुगाऱ्यांशी केली. ज्या प्रश्नासाठी आज्ञावली लिहायची तो प्रश्न बाजूला पडतो आणि यंत्रावरील हुकमत हेच साध्य होऊन बसते, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. या वर्तुळात स्त्रिया जवळजवळ नव्हत्या. कामावरून पारख करण्याचे तत्त्व दारातून आत आलेल्यांनाच लागू होत होते. दारापर्यंत कोण पोहोचते, याचा विचार त्यात नव्हता.

आणखी एक बाब विसरता येत नाही. हे स्वातंत्र्य फुकट नव्हते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट मॅक' या प्रकल्पाचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण विभागाची संशोधन संस्था 'आर्पा' उचलत होती. म्हणजे अधिकारसत्तेविषयी साशंक असणाऱ्या तरुणांच्या मुक्त प्रयोगांचे बिल शीतयुद्धकालीन संरक्षण अंदाजपत्रकातून भरले जात होते.

तरीही एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील एक प्रयोग मननीय आहे. तेथील हॅकरांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'आयटीएस' ही संगणक प्रणाली रचली. तीत पासवर्ड नव्हते आणि कोणीही कोणाची आज्ञावली पाहू शकत असे. त्या काळी बहुवापर प्रणाली बंद पाडून दाखविणे हा हुशार मुलांचा आवडता खेळ होता. आयटीएसच्या रचनाकारांनी प्रणाली बंद पाडणारी आज्ञाच सर्वांना उपलब्ध करून दिली. जे कोणालाही एका ओळीत करता येते त्यात पराक्रम उरत नाही. परिणामी त्या खेळातील गोडीच संपली. अर्थात हे साधले, कारण वापरणारे मोजके, परस्परांना ओळखणारे आणि परस्परांच्या कामावर अवलंबून असणारे होते.

दूरध्वनीच्या तारांवरील प्रयोग

ज्यांच्यासाठी असे दार उघडे नव्हते, त्या तरुणांना त्या काळात एकच विराट यंत्र हाताशी होते. ते म्हणजे घरातील दूरध्वनी. दूरध्वनी सेवेत एटी अँड टी या कंपनीची मक्तेदारी होती आणि लांब पल्ल्याचे संभाषण महाग होते. जाळ्याच्या रचनेत एक मूलभूत दोष होता : जोडणीचे नियंत्रण करणारे संकेत आणि माणसांचे बोलणे एकाच मार्गावरून जात. २,६०० हर्ट्झचा सूर ऐकू आला की मार्ग मोकळा झाला, असे दूरवरचे केंद्र समजे. मग ग्राहकाने तोच सूर काढला, तर नियंत्रण त्याच्या हाती येई.

जन्मांध आणि तीव्र स्वरज्ञान लाभलेल्या जो एन्ग्रेसिया यांना बालपणीच, १९५७ च्या सुमारास, शीळ घालून हे साधता येते असे आढळले. पुढे अशा तरुणांचे एक जाळे तयार झाले आणि त्यांना 'फोन फ्रीक' म्हटले जाऊ लागले. न्याहारीच्या डब्यातून मिळणाऱ्या खेळण्यातील शिट्टीने हाच सूर निघतो, हे कळल्यावर जॉन ड्रेपर यांना त्या डब्यावरील 'कॅप्टन क्रंच' हेच नाव पडले. 'एस्क्वायर' मासिकाने ऑक्टोबर १९७१ मध्ये या जगावर दीर्घ लेख छापला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी असे सूर काढणारी 'निळी पेटी' बनविली आणि काही काळ विकलीही. या दोघांनी १९७६ मध्ये ॲपल कंपनीची पायाभरणी केली.

फोन फ्रीकांतील अनेकांना जाळे कसे चालते हे जाणण्याचीच ओढ होती, हे खरे. परंतु बुडालेल्या महसुलाचा भार अखेर कंपनीवर आणि इतर ग्राहकांवर पडत होता. कुतूहलाचा आनंद एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, अशी ही स्थिती; अर्थशास्त्रात तिला नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात. कंपनीने खटले भरले, ड्रेपर यांना कारावासही झाला. मात्र मूळ दोष दूर झाला तो १९७६ पासून संकेत आणि संभाषण यांचे मार्ग टप्प्याटप्प्याने वेगळे केल्याने. सुरक्षिततेचा हा धडा पुढील प्रत्येक दशकात पुन्हा शिकावा लागला.

नकलेचा खर्च शून्य, निर्मितीचा मात्र मोठा

जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा घरी जुळवता येणारा संगणक झळकला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' ची पहिली बैठक भरली. यंत्र आता घरात येऊ लागल्याने संगणकवेळेची टंचाई ओसरू लागली आणि वाद आज्ञावलीच्या मालकीकडे वळला.

फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना जाहीर पत्र लिहिले. आपल्या संस्थेने तयार केलेली बेसिक भाषेची आज्ञावली अल्टेअरच्या मालकांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी विकत घेतली असून बाकीचे ती नकलून वापरतात, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यासाठी ४० हजार डॉलरहून अधिक मूल्याचा संगणकवेळ खर्ची पडल्याचेही त्यांनी नमूद केले. त्यांचा युक्तिवाद प्रोत्साहनाचा होता : श्रमाचा मोबदला मिळणार नसेल, तर दर्जेदार आज्ञावली लिहिणार कोण?

विद्यार्थ्यांनी येथील सैद्धांतिक पेच नीट समजून घ्यावा. आज्ञावली ही अप्रतिस्पर्धी वस्तू आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. पहिली प्रत घडविण्याचा खर्च मोठा असतो, तर पुढील प्रतीचा सीमान्त खर्च शून्याच्या आसपास. सीमान्त खर्चाइतकी किंमत ठेवली तर निर्मात्याचा खर्च भरून निघत नाही. अधिक ठेवली तर शून्य खर्चात ज्याला लाभ देता आला असता असा वापरकर्ता वंचित राहतो.

या पेचाला हॅकर परंपरेतूनच एक उत्तर मिळाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी एमआयटीच्या प्रयोगशाळेतील बहुतेक हॅकर नव्या खासगी कंपन्यांत गेले आणि परस्परांना आज्ञावली दाखविण्याची रीत मोडली. तेथेच राहिलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' स्थापन केले आणि १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना तयार केला. आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी; मात्र बदललेली आज्ञावली वाटताना तिच्यावरही हेच स्वातंत्र्य लागू राहावे, ही त्या परवान्याची अट. स्वामित्वहक्काच्या कायद्याचाच आधार घेऊन सामायिक संपत्तीचे खासगीकरण रोखण्याची ही युक्ती होती. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील २१ वर्षांचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालत असल्याचे दिसून आले. अँड्रॉइड भ्रमणध्वनींचा गाभाही लिनक्सच आहे.

शब्दाचा अर्थ बदलला

जनमानसात हॅकर या शब्दाला कलंक लागला तो १९८३ मध्ये. त्या वर्षी मिलवॉकी शहरातील १६ ते २२ वयोगटातील काही तरुणांनी घरगुती संगणक आणि मोडेम यांच्या साहाय्याने सुमारे ६० संगणकांत शिरकाव केल्याचे उघड झाले. शहराच्या दूरध्वनी संकेतांकावरून त्यांच्या गटाला '४१४' असे नाव होते. त्यांनी शिरकाव केलेल्या यंत्रांत लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेचा आणि न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्राचा संगणक होता. पद्धत फारशी कुशल नव्हती : यंत्रासोबत येणारे मूळ पासवर्ड अनेक संस्थांनी बदललेच नव्हते. त्यांच्यापैकी एका सतरा वर्षांच्या मुलाची साक्ष अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे झाली. आपले कृत्य गैर आहे असे प्रथम केव्हा वाटले, या प्रश्नावर, तपास अधिकारी दारात आले तेव्हा, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले.

हे उत्तर विचार करायला लावणारे आहे. एमआयटीतील मुलांभोवती वडीलधारे मार्गदर्शक आणि सहकारी होते. आपल्या चुकीने कोणाचे काम बिघडते, हे त्यांना समोर दिसे. मिलवॉकीच्या मुलासमोर केवळ पडदा होता. कर्करोग केंद्राच्या संगणकामागे रुग्ण आहेत, हे त्याला जाणवावे अशी कोणतीही सोय नव्हती. कायदाही तयार नव्हता. दोघांनी अखेर त्रासदायक दूरध्वनी केल्याच्या किरकोळ गुन्ह्याची कबुली दिली. त्यानंतर १९८४ मध्ये आणि अधिक व्यापक स्वरूपात १९८६ मध्ये अमेरिकेने संगणक गुन्ह्यांविषयी कायदे केले.

१९८६ च्या कायद्याची पहिली मोठी कसोटी लवकरच लागली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यांनी आपोआप पसरणारी एक आज्ञावली इंटरनेटवर सोडली. एखाद्या यंत्रावर आपली प्रत आधीच आहे का, हे ती विचारी. परंतु खोट्या होकाराने फसू नये म्हणून होकार मिळूनही सातातून एकदा ती स्वतःची नवी प्रत चालू करी. हे प्रमाण फार मोठे ठरले. यंत्रे प्रतींच्या ओझ्याखाली ठप्प झाली. तेव्हा इंटरनेटवर असलेल्या सुमारे ६० हजार संगणकांपैकी ६ हजारांना बाधा झाल्याचा अंदाज होता. मॉरिस यांना १९९० मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. हानी करण्याचा हेतू सिद्ध होण्याची गरज नाही, अनधिकृत प्रवेशाचा हेतू पुरेसा आहे, असे अपील न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. कारावास टळल्याने त्यांची वाट मात्र बंद झाली नाही. पुढे ते एमआयटीतच प्राध्यापक झाले. या घटनेचा संस्थात्मक परिणामही झाला : संगणकीय आपत्तीत समन्वय साधणारे पहिले केंद्र, 'सर्ट', त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झाले.

भारतीय कायद्यातील प्रतिबिंब

हेतू आणि परवानगी यांना किती महत्त्व द्यावे, हा या खटल्यातील प्रश्न भारतीय कायद्यापुढेही आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या मूळ कलम ६६ चे शीर्षकच संगणक प्रणालीचे 'हॅकिंग' असे होते आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद होती. २००८ च्या सुधारणेने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, हा शब्द कलमातून वगळला. आता कलम ४३ मधील कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तरच ते कलम ६६ खाली गुन्हा ठरते. दंडाची मर्यादा पाच लाख रुपये झाली. कलम ४३ मात्र मालकाच्या अनुमतीविना प्रवेश करणाऱ्यावर नुकसानभरपाईचे दिवाणी दायित्व टाकते, हेतू कोणताही असो. परीक्षार्थींनी या दोन कलमांतील भेद आवर्जून लक्षात ठेवावा.

म्हणजेच दोष शोधणाऱ्या प्रामाणिक तरुणाला फौजदारी शिक्षेपासून हेतूचे संरक्षण आहे. परंतु परवानगीविना दार ढकलून पाहण्याची मुभा नाही. ही परवानगी देण्याच्या रीतसर वाटा अलीकडे निर्माण होत आहेत. २००४ पासून कार्यरत असलेली 'सर्ट-इन' ही संस्था दोषांची माहिती स्वीकारून संबंधितांशी समन्वय साधते. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०२२ मध्ये निवडक संशोधकांना आपल्या प्रणालीतील दोष शोधण्यासाठी निमंत्रित करण्याची योजना जाहीर केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय विभागानेही सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले.

निष्कर्ष

तरुणांचा ध्यास धोरणकर्त्यांना निर्माण करता येत नाही आणि संपूर्णपणे दडपताही येत नाही. त्याला कोणती वाट मिळेल, हे मात्र ठरविता येते. एमआयटीतील अनुभव सांगतो की रिकाम्या साधनाचा तास, एखादा समंजस मार्गदर्शक आणि केलेल्या कामाचा इतरांना होणारा उपयोग डोळ्यांसमोर असेल, तर हौसेतून टिकाऊ सामायिक संपत्ती उभी राहते. मिलवॉकीचा अनुभव सांगतो की साधन घरात पोहोचले पण मार्गदर्शक पोहोचला नाही, तर तेच कुतूहल परक्या दारांवर जाऊन आदळते.

भारतात आज स्वस्त भ्रमणध्वनीमुळे साधनाची टंचाई पूर्वीइतकी राहिलेली नाही. टंचाई आहे ती रात्री उघड्या राहणाऱ्या प्रयोगशाळांची आणि चूक केलेल्या मुलाला तिचा परिणाम दाखवून पुन्हा कामाला बसविणाऱ्या शिक्षकांची. कायद्याने हेतूचा विचार करून आपल्या वाट्याचे काम काही अंशी केले आहे. उरलेले काम महाविद्यालयांचे आहे, आणि जॅक डेनिस यांच्या परवानगीप्रमाणेच त्याला फार मोठा निधी लागतो असे नाही.